बंड्या घर खातोय! (पिल्लाचं कुरतडणं आणि चावणं)

अर्धीचप्पल

लॅब्रेडॉरचं पिल्लू, वय सतरा आठवडे. नाव बंड्या. नाव हौसेने ठेवलं होतं, आता वाटतं 'शांताराम' ठेवायला हवं होतं.

पाच आठवड्यांतली कामगिरी: चार चपला (प्रत्येक जोडातली एकच, डाव्या-उजव्याचा भेदभाव नाही), टीव्हीचा रिमोट, सोफ्याच्या पुढच्या पायाचा खालचा कोपरा, मोबाइलचा चार्जर आणि एका रहस्यकथेची शेवटची तीस पानं. चार्जर प्लगमध्ये नव्हता म्हणून वाचलो.

वस्तूंचं एक वेळ सोडा. खरा त्रास चावण्याचा आहे. दिवसभर बरा असतो. संध्याकाळी साडेसात वाजले की अंगात आल्यासारखा सुटतो. सोफ्याभोवती तीन-चार चकरा, मग जो समोर दिसेल त्याच्या पायजम्याला लटकायचं. हात पुढे केला तर हात. दात म्हणजे नुसत्या सुया. मुलगी सात वर्षांची आहे, तिच्या घोट्यांवर ओरखडेच ओरखडे आहेत. आता ती संध्याकाळी जमिनीवर पायच ठेवत नाही. सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून पलंगावर अशी घरभर फिरते.

नवरा म्हणतो, मालक कोण ते त्याला एकदा दाखवून द्यायला हवं. सासूबाई म्हणतात, वर्तमानपत्राची सुरळी कर आणि एक दे. मी 'नो! नो!' करते तर त्याला वाटतं मीही भुंकतेय, आणखी चेकाळतो.

तर दोन प्रश्न. हे वयाबरोबर जातं, की आत्ता आवरलं नाही तर जन्माची खोड लागते? आणि तो हाताला लटकलेला असताना, नेमकं त्या क्षणी करायचं काय?

टवाळ

म्हणजे खुनी कोण ते आता फक्त बंड्याला माहीत. साडेसातला तो तेच सांगायला धावत येत असेल आणि तुम्ही 'नो नो' करताय.

मांजरप्रेमी

मांजर पाळा.

निंबोणी

>> मांजर पाळा.

तुमच्या सोफ्याला एकदा विचारून मग सल्ला द्या :)

अर्धीचप्पल, आमच्याकडे दोन लॅब्रेडॉर लहानाचे मोठे झाले, त्यामुळे साडेसातचा तमाशा पाठ आहे. एक विचारते: बंड्या दिवसात किती तास झोपतो? खरंच लिहून काढ. या वयाच्या पिल्लाला १८ ते २० तास झोप लागते असं सांगतात. घरात सतत कोणी ना कोणी येत-जात असेल, मुलगी खेळत असेल, तर ते झोपतच नाही. झोप मोडलेलं तान्हं बाळ संध्याकाळी किरकिर करतं ना, तसंच हे, फक्त याच्या तोंडात दात आहेत. आपल्याला वाटतं याची मस्ती जिरलेली नाही, म्हणून आपण आणखी पळवतो, आणि तो आणखी चावतो. मी पहिल्या कुत्रीच्या वेळी हेच केलं. चेंडू टाकून टाकून माझा खांदा गेला, तिचा उत्साह नाही गेला.

दुसऱ्या वेळी शहाणी झाले. सात वाजता थोडं खाणं, शूला बाहेर, आणि मग क्रेटमध्ये (कुत्र्याचा झोपायचा पिंजरा), वर चादर, खोलीत अंधार. पहिले दोन दिवस पाच मिनिटं कुरकुर झाली. तिसऱ्या दिवशी चादर टाकेपर्यंत घोरत होता.

त्या क्षणी काय करायचं: हात ओढायचा नाही. ओढला की तो पळणारी शिकार होतो. हात ढिला सोडायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही. दुसऱ्या हाताने खेळणं त्याच्या तोंडाशी आणायचं, आणि स्थिर धरायचं नाही, जमिनीवर सरपटत न्यायचं. त्याला हलणारी वस्तू हवी असते. तरी आलाच हातावर, तर उठून बेबी गेटच्या पलीकडे निघून जायचं. अर्धं मिनिट, जास्त नाही. परत यायचं जणू काही झालंच नाही. एका संध्याकाळी मी पंधरा वेळा गेले-आले. नवऱ्याला वाटलं मी काहीतरी शोधतेय.

जुनेखोड

हल्ली कुत्र्यांचे फार लाड झाले आहेत. आमच्याकडे पाच कुत्री झाली. चावला की नाकावर एक टिचकी. दोनदा बसली की तिसऱ्यांदा चावत नसे. क्रेट काय, चादर काय, अंगाईगीत तेवढं राहिलंय.

साक्षीभाव

काका, टिचकीने चावणं थांबतं हे मला मान्य आहे. पण त्याबरोबर आणखी काय थांबतं ते मी सांगतो, कारण मी टिचकीच्याही पुढे गेलो होतो.

आमचा पहिला कुत्रा शेरू. तेव्हा मी ऐकलं होतं की कुत्रा म्हणजे लांडगा, कळपात एक 'अल्फा' असतो, आपण अल्फा व्हायचं. त्याला उताणं पाडून छातीवर हात दाबून धरायचं, तो शरण येईपर्यंत. मी ते महिनाभर इमानेइतबारे केलं. शेरू खाताना जवळ गेलं की गुरगुरायचा, ते पूर्ण बंद झालं. मी खूश. मग एका रविवारी भावाचा मुलगा त्याच्या ताटलीजवळून धावत गेला आणि शेरूने गुरगुर न करता थेट पोटरी पकडली. दोन दात आत गेले.

गुरगुरणं म्हणजे त्याचं 'लांब राहा' असं सांगणं होतं. मी त्याला ते सांगायची बंदी केली होती, राग तसाच आत होता. अजूनही ते आठवलं की मला कसंतरी होतं.

नंतर या अल्फा प्रकरणाच्या मुळाशी गेलो. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवर लिहिलेल्या निबंधातून हे सुरू झालं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात ठेवले की मारामाऱ्या होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर पोचवली. पुढे त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. नेते म्हणजे आई-बाप, आणि आई-बाप होण्यासाठी कोणाशी कुस्ती खेळावी लागत नाही. ज्याने जगभर पोचवलं त्यानेच मागे घेतलं, तरी आपण मात्र पिल्लांना उताणं पाडतोय.

आणि सतरा आठवड्यांचं पिल्लू पायजम्याला लटकतं तेव्हा त्याला राज्य बळकवायचं नसतं हो. त्याला पायजमा हवा असतो.

टवाळ

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

जुनेखोड

साक्षीभाव, तुमच्या पुतण्याचं वाचून वाईट वाटलं. उताणं पाडणं आम्हीही कधी केलं नाही. टिचकी आणि ते एक नव्हे, एवढंच.

डॉ_शेपूट

मी पशुवैद्य आहे. रोज अशी दोन-तीन पिल्लं टेबलावर येतात आणि माझ्याही बाह्या खातात.

आधी दातांचं. पिल्लाला दुधाचे दात २८, मोठ्या कुत्र्याला ४२. साधारण तीन-चार महिन्यांपासून दुधाचे पडायला लागतात, पुढचे छोटे आधी, सुळे नंतर, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे नवे आलेले असतात. बंड्या आत्ता बरोबर त्याच्या मधोमध आहे. हिरड्या शिवशिवतात, चावलं की बरं वाटतं. चघळायच्या खेळण्यावर रक्ताचा पुसट डाग दिसला तर घाबरू नका. दात बहुतेक वेळा गिळून टाकतात, तुम्हाला दिसणारही नाहीत. दुधाचा सुळा न पडता शेजारून नवा सुळा आला तर मात्र दाखवायला न्या.

त्यामुळे कुरतडणं बंद करायच्या मागे लागू नका, ते व्हायचं नाही. काय कुरतडायचं ते तुम्ही ठरवा. स्वच्छ फडकं ओलं करून पीळ द्या आणि फ्रीझरमध्ये ठेवा. थंड गाजर चालतं, समोर बसून द्या. फडक्याचे धागे निघायला लागले की फेकून द्या.

चघळायला देताना एक खूण लक्षात ठेवा: वस्तूवर नख दाबून पाहा, जराही खूण उमटली नाही तर ती दाताला जास्त कठीण. शिंगं, खूर, मोठी हाडं यांनी वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा पापुद्रा उभा सुटतो. ती दाढ मग बहुतेक वेळा काढावी लागते. शिजवलेलं हाड तर कधीच नाही, त्याच्या अणकुचीदार ढलप्या होतात.

आणि अर्धीचप्पल, मुलीला ओरखडे आहेत म्हणालात, बंड्याची रेबीजची लस झाली का ते लिहिलं नाहीत. तीन महिन्यांच्या आसपास पहिली देतात. दात लागून कातडी फुटली असेल, नुसता ओरखडा असला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचं. 'घरचंच पिल्लू आहे' म्हणून सोडून देऊ नका.

अर्धीचप्पल

बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार.

डॉक्टर, लस गेल्या आठवड्यात झाली. पण ओरखडे त्याआधीपासूनचे आहेत आणि १५ मिनिटं काही धुतले नाहीत. आज संध्याकाळीच मुलीला तिच्या डॉक्टरांकडे नेते.

निंबोणी, झोप लिहिली. कालची बेरीज सव्वाअकरा तास. मला वाटलं चुकले असेन, पुन्हा मोजली.

एक कबुलीही देते. पहिली चप्पल त्याने घेतली नव्हती, मीच दिली होती. जुनी होती, म्हटलं खेळेल.

निंबोणी

हं. आता त्याला बिचाऱ्याला कसं कळणार की हे चामडं जुनं आणि ते नवं? तुझ्या पायाचा वास दोन्हीला सारखाच. उलट नवीला जरा जास्तच.

बाराखडी

चघळण्यावरून आठवलं. ते मधे पोकळ असलेलं, तीन गोळे एकावर एक ठेवल्यासारखं दिसणारं रबरी खेळणं असतं ना, काँग? त्याचा जन्म कुत्र्याच्या खोडीतूनच झाला. अमेरिकेतल्या जो मार्कम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा, दात झिजत चालले होते. एकदा ते जुनी फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत असताना सस्पेन्शनचा एक रबरी भाग काढून टाकला, तर फ्रिट्झने दगड सोडून तो पळवला. त्यावरून १९७६ मध्ये काँग कंपनी निघाली. रबर टप्पा खाताना वेडंवाकडं उडतं, म्हणून कुत्र्याला ते जिवंत वाटतं.

आम्ही त्यात त्याचंच कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून भरतो आणि फ्रीझरमध्ये टाकतो. अर्धा तास कुत्रा अस्तित्वातच नसतो. ऑनलाइन मीटिंगच्या दोन मिनिटं आधी द्यायचं, ही खरी युक्ती.

घुबडपंख

कडू स्प्रेबद्दल कोणी लिहिलं नाही. मी सोफ्यावर मारला होता. आमच्या महाराजांनी आधी नाक मुरडलं, मग एकदा चाटलं, आणि मग जिथे जिथे मारला होता तिथेच बसून चाटत राहिले. चटणी लावून दिल्यासारखं.

डॉ_शेपूट

काहींना चालतो, काहींना आवडतो :) पण घरगुती म्हणून तिखटाचं पाणी वगैरे शिंपडू नका. डोळ्यांत जातं, पिल्लाच्याही आणि मुलांच्याही.

हळदुली

कोणी चपलांवर हसतंय म्हणून मोज्यांचं सांगते.

आमची राणी, तेव्हा दीड वर्षाची. मोजा पळवायची, आम्ही मागे. टेबलाखालून, पलंगाखालून, सगळं घर तिच्या मागे. तिला वाटायचं हा जगातला सर्वोत्तम खेळ आहे, आणि तो सुरू करायचं बटण म्हणजे मोजा. एके दिवशी मी तिला कोपऱ्यात गाठलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, आणि घशाखाली घातला. मी पकडलं की मोजा द्यावा लागेल, हे तिला कळलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी दोन उलट्या, तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात राहीना. कुंथत होती, पण काही होत नव्हतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मोजा बशीत ठेवून दाखवला. निळा, टाचेला बदामी पट्टा. त्याचा जोडीदार अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

त्यानंतर आम्ही 'सोड' शिकवलं. कोणी मागे धावायचं नाही. तोंडात काहीही असो, शांतपणे जवळ बसायचं, नाकाजवळ तिच्या आवडीचा तुकडा धरायचा, वस्तू पडली की 'सोड' म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. शक्य असेल तेव्हा वस्तूसुद्धा परत द्यायची! हेच आमच्या ह्यांना पटेना. पण परत मिळते असं कळल्यावरच ती बिनघोर सोडायला लागली. आता मोजा सापडला की स्वतः आणून देते आणि वसुलीसाठी उभी राहते.

टवाळ

खंडणी.

हळदुली

आहेच. ऑपरेशनपेक्षा स्वस्त.

डॉ_शेपूट

हळदुलीताईंच्या पोस्टला जोड देतो. वारंवार उलट्या, खाणं बंद, कुंथणं, पोटाला हात लावू न देणं यातलं काहीही दिसलं आणि घरातली वस्तू हरवलेली असेल तर सकाळची वाट पाहू नका. घरी मीठ पाजून उलटी काढू नका, मिठानेच विषबाधा होते. दोरा, रिबन असलं काही गिळलं असेल आणि टोक मागून लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही. आत आतडं त्यावर चुणीसारखं गोळा झालेलं असू शकतं, ओढलं की चिरतं.

रिमोटवरून आठवलं: त्यातले सेल सापडले का? आणि बटणासारखे चपटे सेल घरात कुठे असतील तर ते आधी वर उचला. घशात अडकले तर दोन तासांच्या आत भाजायला सुरुवात होते. बिनसाखरेच्या च्युइंगमचं पाकीट पर्समध्ये असतं, त्यातला झायलिटॉल (साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ) कुत्र्याची रक्तातली साखर एकदम खाली आणतो. पिल्लू पर्स उघडतं. झिप असली तरी.

अर्धीचप्पल

सेल दोन्ही सापडले, एकावर दाताच्या खुणा. हे वाचून हात थरथरले. काल रात्री घरभर गुडघ्यांवर फिरले, त्याच्या उंचीवरून काय दिसतं ते पाहत. टेबलाखाली लोंबणाऱ्या वायरी सात होत्या. रोज तिथे बसून काम करते, कधी दिसल्या नव्हत्या.

घुबडपंख

मला एक वेगळंच विचारायचं आहे, धागा जरा वाकडा करतो. आमचा कुत्रा तीन वर्षांचा, दात कधीच येऊन गेलेत. घरी माणूस असलं तर कशालाही तोंड लावत नाही. आम्ही दोघं बाहेर गेलो की मुख्य दाराची चौकट कुरतडतो, फक्त ती. आलो की कान पाडून, नजर चुकवून उभा. म्हणजे चूक केलीय हे त्याला कळतं ना? मग करतो कशाला?

साक्षीभाव

तो चेहरा फसवा असतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याचा प्रयोग केला होता. खाऊ ठेवून मालकाने 'नको' म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. मग काही कुत्र्यांनी खाल्लेलं असायचं, काहींनी नाही, पण मालकाला मुद्दाम उलटसुलट सांगितलं जायचं. अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. आणि न खाताच बोलणी बसली, त्या कुत्र्यांचा चेहरा जास्त पडलेला होता.

तुमचा कुत्रा दारात तुमचा चेहरा वाचतो, चौकट नाही.

निंबोणी

आणि फक्त बाहेर जायची चौकट खातो, हे तर अगदी बोलकं आहे. त्याला लाकूड नको, तुम्ही हवे आहात. मोबाइल कॅमेरा लावून जा. निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या, धापा, लाळ, दार खरवडणं दिसलं तर ही एकटेपणाची भीती. तासाभराने आळस देऊन उठून कुरतडत असेल तर कंटाळा. दोन्हींवर उपाय वेगळे. भीती असेल तर क्रेटमध्ये कोंडू नका, तिथून सुटायच्या नादात दात आणि नखं मोडून घेतात.

घुबडपंख

कॅमेरा लावला. चार मिनिटं. चार मिनिटांत तो दाराशी होता आणि रडत होता. मला पुढचं बघवलं नाही. आल्यावर रागावायचो, तेही दोन वर्षं. वर्तनतज्ज्ञ असलेल्या पशुवैद्याची वेळ घेतलीय. सध्या एकाने घरी थांबायचं असं ठरवलंय आणि सराव म्हणून दार उघडून दहा सेकंदांत परत यायचं.

बाराखडी

मूळ धाग्यावर येते. चावल्यावर पिल्लासारखं 'कँय' ओरडायचं असं सगळीकडे सांगतात. भावंडांत ते तसंच शिकतात म्हणे. कोणाला उपयोग झाला?

हळदुली

राणीला झाला. थबकायची, मान वाकडी करून बघायची.

निंबोणी

आमच्या पहिलीला झाला. दुसऱ्याला मी 'कँय' केलं तर त्याला मी बोलकं खेळणं वाटले, जोरात दाबलं की वाजणारं. दोनदा करून पाहा, चेकाळला तर बंद.

साक्षीभाव

भावंडांत शिकतात हे मात्र खरं. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्लं जास्त जोरात चावतात असा माझा तरी अनुभव. पशुवैद्य इयान डनबार यांचं म्हणणं, चावणं एकदम बंद करू नका. आधी जोर कमी करायला शिकवा, मग चावणंच. पुढे कधी दुखलं-घाबरलं आणि दात लागलेच, तर त्याला जोर आवरायची सवय असते.

जुनेखोड

मोठ्यांच्या हातावर ठीक. सात वर्षांच्या मुलीच्या घोट्यावर जोर शिकवायचा का?

साक्षीभाव

नाही. इथे काकांशी शंभर टक्के सहमत. हा सराव मोठ्यांनीच करायचा. मुलीच्या बाबतीत नियम एकच, दात नाही.

निंबोणी

+१. मुलीला 'झाड' शिकव. तो आला की पाय जुळवायचे, हात काखेत, आकाशाकडे बघायचं. झाड पळत नाही, किंचाळत नाही, म्हणून कंटाळवाणं. पण मधे गेट आणि खोलीत मोठं माणूस हवंच. साडेसातला तिने झाड होण्यापेक्षा त्याने झोपणं बरं.

अर्धीचप्पल

अकरा दिवसांचा अहवाल.

मुलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं तसं तिचं लसीकरण सुरू आहे. दंड धरून बसते, पण वर्गात सांगायला गोष्ट मिळाली म्हणून खूश.

बंड्याची झोप आता सोळा-सतरा तास. दुपारी दोन तास सक्तीची, संध्याकाळी पावणेसात ते सव्वाआठ दुसरी. साडेसातचा तमाशा आठवड्यात दोनदाच झाला, दोन्ही दिवशी पाहुणे होते आणि झोप मोडली होती.

पाचव्या दिवशी मी हरले होते. गेटमागे जायचं सुरू केल्यावर तो आधीपेक्षा जास्त चावायला लागला. नवरा म्हणाला, बघ, तुझ्या पद्धतीने वाया गेला. दोन दिवसांनी आपोआप उतरलं. हे असं होतं का?

मुलगी झाड होते, फक्त झाडाला हसू येतं.

नवऱ्याने काल ओट्याजवळ उभं राहून, कोणी बघत नाही असं समजून, बंड्याला रबरी खेळणं भरून दिलं आणि 'घे रे राजा' म्हणाला. मालक कोण ते ठरलं.

डॉ_शेपूट

होतं असं. लिफ्ट आली नाही की आपण बटण आधी जोरजोरात दाबतो, मग जिन्याकडे वळतो. तो पाचव्या दिवशी बटण दाबत होता. नेमकं तेव्हाच कोणीतरी 'जाऊ दे' म्हणून हात देतं आणि पिल्लू शिकतं की जोरात दाबलं की लिफ्ट येते.

साक्षीभाव

अभिनंदन. आता वाईट बातमी: आठव्या महिन्याच्या सुमाराला पुन्हा येईल. २०२० मध्ये अंधांचे मार्गदर्शक म्हणून तयार होणाऱ्या लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रिव्हर पिल्लांवर एक अभ्यास आला. पाच महिन्यांचं असताना जे पिल्लू 'बस' म्हटल्यावर बसायचं, ते आठ महिन्यांचं झाल्यावर आपल्याच माणसाचं कमी ऐकायचं. परक्याने सांगितलं तर मात्र बसायचं.

टवाळ

यासाठी अभ्यास कशाला? आमच्या घरी पंधरा वर्षांचा नमुना आहे. शेजारच्या काकूंची पिशवी उचलतो.

जुनेखोड

एक सांगायचं राहिलं. मुलाकडे नवीन पिल्लू आलंय. मी क्रेटवर चादर टाकतो. अंगाईगीत म्हणत नाही.

निंबोणी

काका!! फोटो टाका.

जुनेखोड

पिल्लाचा टाकतो. चादरीतून फक्त नाक दिसतंय.

अर्धीचप्पल

पुन्हा वर आणतेय, पाच महिन्यांनी. बंड्या नऊ महिन्यांचा, २८ किलो. साक्षीभाव, तुम्ही म्हणालात तसंच झालं. 'सोड' म्हटलं की आधी माझ्याकडे बघतो, मग नवऱ्याकडे, मग सोडतो. चावणं पूर्ण गेलं. सोफ्याचा पाय आम्ही बदलला नाही, खाली लाकडाची चकती लावली.

काल कपाटाखाली झाडताना पहिली चप्पल सापडली, मी दिलेली तीच. टाचेच्या रबरात काहीतरी पांढरं रुतलेलं दिसलं. चिमट्याने काढलं तर दुधाचा दात. तांदळाच्या दाण्याएवढा, टोक अजून टोकदार. मुलीने स्वतःच्या पडलेल्या दातांच्या डबीत ठेवलाय आणि वर कागद चिकटवलाय, 'माझे ६, बंड्याचा १'.

टवाळ

आणि खुनी कोण होता?

अर्धीचप्पल

पुस्तक नवीन आणलं. बेचाळीस पानं राहिली असताना खुर्चीवर ठेवून दार उघडायला गेले...

टवाळ

नको, नको. पुढचं सांगू नका.